पन्नास पेढे आणि एक हाक

मी रोबोला काम शिकवते असं सांगितलं की लोक आधी आदराने बघतात आणि मग हमखास विचारतात, "मग घरी भांडी घासायला एखादा का नाही आणत?" नाही आणत, कारण कारखान्यातला रोबो म्हणजे सिनेमातला बाहुला नव्हे. तो नुसता एक हात असतो. डोकं नाही, पाय नाहीत, तोंड तर नाहीच. खांद्यापासून मनगटापर्यंत वळणारा लोखंडी हात, खोकी उचलतो आणि सांगितलेल्या जागी ठेवतो. भांडी माझी मीच घासते.

बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात माझी नोकरी. तिथे खोक्यांवरची पट्टी वाचणारं एक उपकरण आहे, ते खोक्याचं नाव रोबोला कळवतं. पण यंत्रं एकमेकांशी अक्षरांत बोलत नाहीत, आकड्यांत बोलतात. प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक ठरलेला आकडा. ए म्हणजे पासष्ट, बी म्हणजे सहासष्ट, असं पुढे. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलासुद्धा आकडा आहे, बत्तीस. रोबोकडे अशी आकड्यांची रांग येते. तिची परत अक्षरं करून पडद्यावर दाखवायची ओळ प्रोग्रॅममध्ये आपण लिहायची. ती लिहिली नाही तर पडद्यावर नुसते आकडे दिसतात आणि शिफ्टवरचा माणूस "बेन, आ शुं छे?" म्हणत माझ्या नावाने बोंब मारतो. यापुढे यंत्राचं काही कळलं नाही तरी बिघडत नाही, कारण ही गोष्ट रोबोची नाहीच, माझ्या बाबांची आहे.

बाबांच्या आवाजाची म्हणा. हरणीच्या आमच्या सोसायटीत बाबांनी तिसऱ्या मजल्यावरून "ए, गेट लाव!" म्हटलं की शेजारच्या सोसायटीचंही गेट लागायचं. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिपाई. त्यांच्या तलवारी कुठे गेल्या कुणाला ठाऊक नाही, पण आवाज तेवढा वारशात आला, असं बाबा सांगायचे. त्यात त्यांची सगळी नोकरी रिफायनरीत. तिथल्या गोंगाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि तीच सवय घरी. जेवताना त्यांनी मीठ मागितलं की समोरच्या बेन वाटी घेऊन दारात हजर. माझा स्वभावही त्यांच्यावरच गेलाय असं आई म्हणते. मला ते मुळीच मान्य नाही, आणि मी ते तिला ओरडून सांगते.

सोसायटीच्या गणपतीत मात्र या आवाजाला मान होता. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. शेवटच्या संध्याकाळी आरती होते, प्रसाद वाटतात, मग चौघं जण मूर्तीच्या पाटाखाली हात घालून वाकतात आणि थांबतात. बाबा पुढे येतात, उजवा हात वर करतात आणि "गणपती बाप्पा" अशी हाक घालतात. सगळ्यांनी "मोरया" म्हटलं की मगच पाट उचलायचा. हे काही कुठल्या मीटिंगमध्ये ठरलेलं नव्हतं. सोसायटी झाली तेव्हा पहिल्या वर्षी बाबांनी हाक घातली, दुसऱ्या वर्षीही घातली, आणि तो रिवाजच पडून गेला. मराठी घरं आमची मोजकी, बाकी सगळे गुजराती, पण रिवाज पाळण्यात तेच जास्त कडक. एकदा बाबांना खाली यायला उशीर झाला तर चौघं तसेच वाकून उभे राहिले. त्यातल्या एकाची कंबर धरली. ती अजून दुखते असं तो दरवर्षी बाबांना ऐकवतो.

मागच्या वर्षी गणपतीनंतर बाबांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला पुढून भोक, त्यावर आईने शिवलेला मऊ पांढरा रुमाल, श्वास तिथूनच. डॉक्टर म्हणाले, "आता अगदी ठणठणीत." होतेही ठणठणीत. फक्त घरात इतकी शांतता पसरली की समोरच्या बेन उठसूट येऊन विचारायला लागल्या, "बधा मजामां ने?" सगळे मजेत ना?

उपाय आम्ही सगळे करून पाहिले. गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्यातून घरघरता आवाज येतो. बाबांनी ते एकदा लावलं, स्वतःचाच आवाज ऐकला आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं. मग मी फोनवर सोय करून दिली, लिहिलेलं फोन वाचून दाखवतो ती. बाबांनी लिहिलं, "चहा आण." फोनमधल्या बाईने मंजुळ आवाजात म्हटलं, "चहा आण." आई जागची हलली नाही. म्हणाली, "परक्या बाईचं मी का म्हणून ऐकू? नवरा सांगायचा तेव्हा 'जरा चहा टाक गं' म्हणायचा." बाबांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि कपाटावरची माझी जुनी पाटी काढली.

पाटीवर घर चाललं, पण भांडण काही जमेना. आमच्या घरात भांडणाशिवाय दिवस जायचा नाही, आणि आईला एक नवीन डाव सापडला. बाबा रागाने पाटीवर लिहायला लागले की ती पाठ फिरवायची. वाचलंच नाही तर भांडण कसलं? बाबा पाटी घेऊन तिच्यापुढे जायचे, ती परत वळायची. असे दोघं स्वयंपाकघरात गोल गोल फिरायचे. हसावं की रडावं मला कळायचं नाही, आणि मी दोन्ही करायची.

बाहेर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. एकदा बाबा एकटेच खंडेराव मार्केटात गेले. वर्षानुवर्षं तिथल्या केळीवाल्याशी त्यांची हुज्जत चालायची, दोघांनाही त्याशिवाय चैन पडायचं नाही. बाबांनी पाटी पुढे केली. केळीवाल्याला मराठी वाचता येत नव्हतं. माणूस बोलत नाही म्हणजे त्याला ऐकूही येत नसणार, असं धरून तो बाबांच्या कानाशी जाऊन ओरडला, "काका! ताजां छे! ताजां!" त्याचा हेतू चांगलाच होता. येताना एक फणा त्याने पिशवीत जास्तीचाही टाकला. पण बाबा त्या दिवसापासून घराबाहेर पडेनासे झाले. मी कारण विचारलं तर पाटीवर लिहिलं, "पाटी घेऊन हिंडायला मी काय बालवाडीत आहे?"

अशात गणपती आले. मी लग्नानंतर सुभानपुऱ्यात राहते, पण त्या दिवसांत मुक्काम हरणीलाच ठोकला. मूर्ती आली, बाबा खाली गेले नाहीत. आरतीचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. गोल गरगरीत, मनाने लोण्यासारखा माणूस, पण सल्ला द्यायची भारी हौस. म्हणाले, "काका, तमे टेन्शन ना लो. गेल्या वर्षीचा व्हिडिओ आहे ने माझ्याकडे, त्यात तुमचा अवाज एकदम क्लिअर छे. विसर्जनाला स्पीकरवर तोच वाजवू."

बाबांनी पाटी घेतली. इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिलीचा तुकडा उडाला. "मी अजून मेलो नाही."

सेक्रेटरींना मराठी वाचता येत होतं. ते तोंड पाडून निघून गेले. बाबा आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला सेक्रेटरींचा राग आला, बाबांचा आला, त्या गाठीचा आला, देवाचाही आला. बाबांशिवाय पाट उचलला गेला असता तर पुढच्या वर्षी कुणी त्यांची वाट पाहिली नसती, आणि मग बाबा त्या तिसऱ्या मजल्यावरच राहिले असते, कायमचे. हे मला जितकं स्पष्ट दिसत होतं तितकंच आईलाही. ती भाजी चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, "तू एवढी रोबोला शिकवतेस, एखादं माणूस खाली उतरवून दाखव."

बाप तशी लेक. टोमणा बसला की मला झोप लागत नाही.

आमच्या कारखान्यात शिकाऊ लोकांसाठी एक छोटा रोबो आहे, टेबलावर मावणारा, टोकाला हवेने वस्तू ओढून धरायची रबरी वाटी. मी साहेबांना गाठलं. शेवटच्या दिवशी रोबो सोसायटीत प्रसाद वाटेल, म्हटलं. साहेबांनी आधी विम्याचं विचारलं, मग वजनाचं, मग स्वतःच म्हणाले, "बाप्पानुं काम छे. लई जाओ." मी रोबो, त्याचा डबा आणि वायरींचं भेंडोळं गाडीत घालून हरणीला आणलं आणि बैठकीतल्या टेबलावर मांडलं. घरातला मोठा टीव्ही जोडला, एक कीबोर्ड जोडला. बाबा आतून डोकावले. यंत्र दिसलं की त्यांना राहवत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मी कीबोर्डवर दोन-चार अक्षरं दाबली. टीव्हीवर आकडे आले. बाबांनी पाटीवर लिहिलं, "लॉटरी लागली का?"

"थांबा हो," मी खेकसले. "अजून अक्षरं करायची ओळ लिहायचीय." आकड्यांचं अक्षर कसं होतं ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, मराठी अक्षरं का नाहीत. म्हटलं, याला फक्त इंग्रजी येतात. त्यावर लिहिलं, "बडोद्यात राहून मराठी नाही, गुजराती नाही. काय उपयोग?" मी दात-ओठ खात ओळ लिहिली. कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "आता टाका काहीतरी. इंग्रजी अक्षरांत का होईना, मराठीच टाका. शेवटी मोठं बटण दाबायचं."

बाबा बराच वेळ एका बोटाने अक्षरं शोधत होते. मोठं बटण दाबलं तसा रोबोचा हात ताठ वर झाला, कारण ते मी मुद्दाम तसं करून ठेवलं होतं, आणि टीव्हीवर हातभर अक्षरांत उमटलं, "जरा चहा टाक गं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ते वाचलं, पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "हं. हे आपलंच माणूस." आणि चहा टाकायला गेली.

आता घोडं दामटायला हरकत नव्हती. मी म्हटलं, "बाबा, उद्या मला रोबोपाशी उभं राहावं लागेल. कीबोर्डवर कुणीतरी माणूस पाहिजे. घरात रिकामं कोण आहे?" आई आतून ओरडली, "आहेत की एक!" बाबांनी दोघींकडे असं पाहिलं की आवाज असता तर शेजारची सोसायटी गोळा झाली असती. पण नाही म्हणाले नाहीत. आधी कीबोर्डची वायर ओढून पाहिली, मग टेबल डगमगतं म्हणून पायाखाली पुठ्ठा घातला. पाटी घेऊन उभा राहिलेला माणूस आजारी दिसतो, यंत्रामागे बसलेला माणूस ऑपरेटर दिसतो, आणि बाबांना फरक बरोबर कळला होता.

शेवटच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. गळ्याला नवा रुमाल. लोक बघत होते, बाबा कुणाकडे बघत नव्हते. खुर्चीवर बसले आणि टीव्हीवर लिहिलं, "आरती वेळेवर करा." सगळीकडे हशा पिकला. कंबरवाला पुढे येऊन म्हणाला, "काका, मारी कमर..." बाबांनी वाक्य संपूही दिलं नाही. टीव्हीवर आलं, "व्यायाम कर." मी मागे उभी राहून मनातल्या मनात बाप्पाला हात जोडले. अक्षरं चोख उमटत होती.

पण सुखासुखी काही झालं तर तो गणपती कसला. दुपारीच सेक्रेटरींनी सल्ला दिला होता. आमच्याकडे प्रसाद घेताना घरी असलेल्यांचाही घेतात. रांगेत एक जण येतो, पण वर म्हातारी असते, पोरं असतात, कुणी आजारी असतं. म्हणून वाढणारा नेहमी विचारतो, "घरी किती?" सेक्रेटरी म्हणाले, तुझा रोबो एकेकच देईल तर कसं चालेल? खरंच होतं. मी घाईघाईत सोय केली. माणसाने बोटं दाखवायची, बाबांनी तो आकडा दाबायचा, तेवढे पेढे रोबो समोरच्या ताटलीत ठेवील. हात एकदा फिरवून पाहिला, फिरला. पेढे कागदी वाट्यांमध्ये लावायचे राहिले होते, मी तिकडे पळाले.

आरती झाली. पहिले अर्थात सेक्रेटरी. त्यांनी आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी मिळून दोन बोटं दाखवली. बाबांनी दोन दाबलं. रोबोने ऐटीत एक पेढा ताटलीत ठेवला. टाळ्या. दुसरा ठेवला. आणखी टाळ्या. मग तिसरा ठेवला. मी तेव्हा मांडवामागे पेढ्यांचा दुसरा खोका फोडत होते. टाळ्या थांबून हसण्याचा आवाज यायला लागला तेव्हा मान वर केली.

रोबो देतच होता. शांतपणे, न चुकता, एकामागून एक. सेक्रेटरींना मधुमेह. पण प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, आणि त्यातून देणारा गणपतीपुढचा. ते ताटली रिकामी करून बायकोच्या पदरात घालत होते आणि रोबो ती परत भरत होता. "बस! बस करो ने भाई!" ते रोबोला विनवत होते. एव्हाना समोरच्या बेननी ओढणी पसरून मदतीला धाव घेतली होती.

"बाबा, लाल बटण!" मी ओरडले. यंत्र जागच्या जागी थांबवायचं लाल बटण त्यांच्या हाताशीच होतं. बाबांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून दिला. मग एका बोटाने सावकाश काहीतरी टाइप केलं. टीव्हीवर उमटलं, "खा खा. लाजू नका."

बाबा हसत होते. आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गळ्यावरचा रुमाल फडफडत होता. ऑपरेशननंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. मी जाऊन लाल बटण दाबू शकत होते. नाही दाबलं.

रोबो आपला आपण थांबला तेव्हा मला उलगडा झाला. मोजायचीही गरज नव्हती. कीबोर्डवर दोन दाबलं की रोबोकडे दोन जात नाही. अक्षरांना असतात तसे कीबोर्डवरच्या अंकांनाही आकडे असतात, आणि दोनचा आकडा पन्नास. मी बाईने तोच आकडा उचलून पेढ्यांना लावला होता. सेक्रेटरींना मी वाकून म्हटलं, "काका, माफ करा." ते पदराकडे बघत म्हणाले, "माफी कसली? आम्हाला तर बाप्पा पावला."

मागे रांग चुळबुळत होती. पन्नासाचे दोन करायची युक्ती सोपी आहे, अठ्ठेचाळीस वजा करायचे. मी हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर उभ्या उभ्या प्रोग्रॅम उघडला. एक ओळ आडवी येत होती ती बंद केली, वजाबाकीची नवी घातली, एक दाबून पाहिलं. एकच पेढा आला. तीन दाबलं, तीन आले. "चालू!" मी हुश्श केलं. पुढे सगळं सुरळीत झालं. लोक बोटं दाखवत होते, बाबा आकडे दाबत होते, रोबो मोजून देत होता. बाबांना एकदाही शब्द लिहायची सवड मिळाली नाही.

रांग संपली. चौघं जण पुढे झाले, पाटाखाली हात घालून वाकले. त्यात कंबरवालाही होता. मांडव गप्प झाला. सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. सेक्रेटरींनी खिशातला फोन हळूच आणखी आत ढकलला, ते मी पाहिलं.

बाबा खुर्चीत ताठ बसले. एका बोटाने एकेक अक्षर शोधायला लागले. घाई केली नाही. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, माझं मनगट तिने इतकं आवळलं की बांगडी रुतली. बाबांनी मोठं बटण दाबलं. रोबोचा हात ताठ वर झाला. टीव्हीवर हातभर उंचीचे आकडे उमटले.

७१ ६५ ७८ ८० ६५ ८४ ७३ ३२ ६६ ६५ ८० ८० ६५

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मघाशी आडवी येणारी ओळ म्हणून जी मी बंद केली, ती आकड्यांची अक्षरं करायची ओळ होती. आणि मी शहाणीने नंतर पाहिलं काय, तर नुसते पेढे. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाबांनी टीव्हीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मी सोसला असता. केळीवाल्याकडून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा होता तसा पुन्हा झाला, आणि ते मला बघवेना. मी पडद्याकडे झेपावले, पण घाईत ओळ सापडेना. चौघं वाकलेलेच होते.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. बाबा उठले होते. टेबलाला वळसा घालून ते मूर्तीपुढे आले, नेहमीच्या जागी. उजवा हात वर केला. छाती भरून घेतली, गळ्यावरचा रुमाल आत ओढला गेला. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड उघडलं आणि ओठांनी ते दोन शब्द म्हटले. हवेची नुसती फुस्स झाली.

"मोरया!"

असा मोरया आमच्या सोसायटीने पूर्वी कधी दिला नव्हता. तो कुणी आधी म्हटला ते सांगता येणार नाही, कारण मांडवात एकही तोंड बंद नव्हतं. पाट उचलला गेला. बाबांनी परत हात वर केला, ओठ हलवले, परत मोरया. "पुढच्या वर्षी" म्हणाले तेव्हा मला त्यांच्या ओठांवर ते वाचतासुद्धा आलं नाही, डोळ्यांत इतकं पाणी होतं, पण "लवकर या" मी सगळ्यांत मोठ्याने ओरडले. आई म्हणाली, "अगं, हळू! कानठळ्या बसल्या." ती स्वतः रडत होती. कंबरवाला पाट घेऊन जाताना बाबांना म्हणाला, "काका, आ वखते पण मोडुं!" म्हणजे यंदाही उशीरच. बाबांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

महापालिकेच्या तलावापर्यंत बाबा मूर्तीच्या पुढे चालत गेले. मी रोबोपाशी मागे थांबले, वायरी गुंडाळायला. टीव्हीवर आकडे तसेच होते आणि हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचा राहून गेला होता.

घरी आल्यावर बाबांनी पाय धुतले, खुर्चीत बसले आणि पाटी मागितली. मी बोलणी खायच्या तयारीनेच पुढे झाले. त्यांनी लिहिलं, "पुढच्या वर्षी रोबोला पेढ्यांवरच ठेव. हाक माझी मी घालतो."

"हो," मी म्हटलं, "पण बाबा, मी ती ओळ नीट करते ना, मग टीव्हीवर बरोबर..."

त्यांनी पाटी माझ्या हातातून ओढून घेतली. 'माझी' या शब्दाखाली जाड रेघ मारली आणि पाटी परत माझ्यापुढे धरली. आईने या वेळी पाठ फिरवली नाही. तिने वाचलं आणि चहा टाकायला गेली.